मेल आलेली असते, नोटिफिकेशन मात्र येत नाही: दोष कुठे आहे ते शोधायचं कसं

मेल वेळेवर पोचलेली असते. इनबॉक्समध्ये ठळक अक्षरांत बसलेलीही असते. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उमटत नाही, आवाज होत नाही, आणि आपण दुसऱ्याच कामात बुडालेलो असतो. मग केव्हातरी सहज मेलची खिडकी समोर आणावी, तर तीन तासांपूर्वी कुणीतरी कळवलेलं असतं, "चारची बैठक दोनला घेतोय." माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा मी दिसेल ती सेटिंग बदलत सुटलो. तासाभराने मूळ दोष तसाच होता, आणि कोणती सेटिंग आधी कशी होती हेही आठवत नव्हतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. दोष कुठल्या टप्प्यावर आहे हे कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावायचा नाही. नोटिफिकेशन दिसण्याआधी बऱ्याच गोष्टी घडाव्या लागतात. सर्व्हरवर, म्हणजे मेल सेवेच्या संगणकावर, मेल येते, आपल्या संगणकावरच्या प्रोग्रामला ते समजतं, ही मेल सांगण्याजोगी आहे असं तो ठरवतो, तसा निरोप ऑपरेटिंग सिस्टिमला देतो, आणि सिस्टिम ती चौकट दाखवते किंवा दाबून ठेवते. यातली एकही कडी तुटली तरी आपल्याला दिसतं ते एकच: काहीच नाही. बहुतेक जण थेट शेवटच्या कडीपाशी, म्हणजे नोटिफिकेशनच्या बटणापाशी जाऊन झगडतात. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तरी दोष त्याच्या आधीच कुठेतरी असतो.

पंधरा मिनिटांची चाचणी

काहीही बदलण्यापूर्वी ही चाचणी करा. पंधरा मिनिटं लागतील, पण पुढचे दोन तास वाचतील.

आधी मेल प्रोग्राममध्ये नव्या मेलचा आवाज चालू करा आणि संगणकाचा आवाज वाढवा. थंडरबर्ड किंवा क्लासिक (जुन्या धाटणीच्या) आउटलुकमध्ये हा आवाज प्रोग्राम स्वतः वाजवतो, कोपऱ्यातली चौकट मात्र बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात असते. त्यामुळे आवाज आला आणि चौकट आली नाही, तर मेल कळण्यापर्यंतचं सगळं ठीक आहे हे तिथल्या तिथे सिद्ध होतं.

मग इनबॉक्स उघडा ठेवून त्याच्या शेजारी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामची खिडकी आणा आणि तीत काम करत राहा. मेलची खिडकी समोर असताना काही प्रोग्राम मुद्दाम गप्प राहतात, म्हणून ही काळजी. आता दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावरून, किंवा तुमच्याच दुसऱ्या खात्यावरून, एक मेल पाठवायची. त्याच खात्यावरून स्वतःलाच पाठवलेल्या मेलवर भरवसा ठेवू नका. काही सेवा अशी मेल वेगळ्या रीतीने हाताळतात आणि चाचणीच फसते. चाचणी चालू असताना फोनवर ती मेल उघडू नका. किती वाजता पाठवली ते लिहून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'गेट मेसेजेस' किंवा 'सेंड/रिसीव्ह' दाबू नका. हात आवरणं हाच या चाचणीचा अवघड भाग आहे.

पंधरा मिनिटांनी तीनपैकी एक गोष्ट झालेली असेल. पहिली: मेल यादीत आलीच नाही, बटण दाबल्यावर मात्र लगेच आली. म्हणजे प्रोग्राम स्वतःहून विचारपूस करत नाही, किंवा फार उशिरा करतो. दुसरी: मेल आलीय, पण भलत्या फोल्डरमध्ये, स्पॅममध्ये, किंवा आधीच 'वाचलेली' म्हणून. म्हणजे वाटणीत गडबड आहे. तिसरी: मेल आपोआप इनबॉक्समध्ये आली, ठळक दिसतेय, तरी चौकट नाही. म्हणजे दोष प्रोग्रामच्या सूचनांच्या सेटिंगमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. तुमचं उत्तर ज्या प्रकारचं असेल तिथूनच पुढे वाचा.

मेल आपोआप येतच नसेल तर

सर्वांत साधी गोष्ट आधी. प्रोग्राम चालू आहे का? फोनची सवय अशी झालीय की ॲप बंद असलं तरी नोटिफिकेशन येणारच असं आपण धरून चालतो. डेस्कटॉपवर थंडरबर्ड किंवा क्लासिक आउटलुक बंद असेल तर कुणीही काहीही सांगत नाही. विंडोजमध्ये फुलीवर क्लिक केलं की प्रोग्राम सहसा पुरता बंद होतो, तेव्हा तो मिनिमाइझ करा. मॅकवर खिडकी बंद केली तरी मेल मागे चालू राहतं, पण कमांड-क्यू दाबलं की संपलं. दिवसभर सूचना हव्या असतील तर संगणक सुरू होताच मेल प्रोग्रामही सुरू होईल अशी सोय करून ठेवा.

मग ऑफलाइन मोड पाहा. आउटलुकमध्ये 'सेंड/रिसीव्ह' टॅबवर 'वर्क ऑफलाइन' नावाचं बटण आहे. चुकून दाबलं गेलं तर जुन्या मेल्स व्यवस्थित दिसत राहतात आणि शंकाही येत नाही. खालच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं, पण तिकडे कोण बघतं! थंडरबर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की ऑनलाइन-ऑफलाइन बदलतं.

आता प्रोग्राम सर्व्हरला किती वेळाने विचारतो ते. थंडरबर्डमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज' मध्ये जाऊन त्या खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज' उघडा. तिथे तीन खुणा महत्त्वाच्या आहेत: सुरू होताना नवी मेल तपासा, दर इतक्या मिनिटांनी तपासा (मुळात 10 मिनिटं असतात), आणि नवी मेल आल्यावर सर्व्हरला ताबडतोब कळवू द्या. खाती एकापेक्षा जास्त असतील तर हे प्रत्येक खात्यासाठी वेगळं पाहावं लागतं. एका खात्याच्या सूचना येतात आणि दुसऱ्याच्या येत नाहीत, याचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं. क्लासिक आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकत्र दाबले की सेंड/रिसीव्ह गटांची चौकट उघडते. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) आणि पॉप (मेल संगणकावर उतरवून घेणारी पद्धत) खात्यांसाठी तिथली वेळ मुळात 30 मिनिटं असते. आपल्याला ती फार वाटत असेल तर 5 किंवा 10 करा. खातं त्या गटात सामील आहे ना, हेही तिथेच बघा.

त्या तिसऱ्या खुणेविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण "कधी येतं, कधी येत नाही" या तक्रारीचं मूळ अनेकदा तिथे असतं. आयमॅपमध्ये आयडल नावाची सोय आहे. 1997 साली आरएफसी 2177 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ती ठरवली गेली. प्रोग्राम सर्व्हरशी जोडणी करतो आणि म्हणतो, मी थांबलोय, काही आलं की सांग. मग दर 10 मिनिटांनी दार ठोठावायची गरज उरत नाही, मेल काही सेकंदांत समजते. पण ही जोडणी तासन्‌तास शांत पडून असते. निष्क्रिय जोडणी सर्व्हर 30 मिनिटांनी तोडू शकतो, म्हणून प्रोग्रामने 29 मिनिटांच्या आत ती पुन्हा ताजी करावी असं त्याच दस्तऐवजात सांगितलंय. वाटेतला राउटर मात्र इतका थांबेलच असं नाही. बराच वेळ काही हालचाल नाही असं पाहून तो आपल्या नोंदीतून ती जोडणी पुसून टाकतो आणि कुणालाच कळवत नाही. प्रोग्रामला वाटतं आपण ऐकतोय, सर्व्हरला वाटतं आपण सांगितलं, आणि मधली तार कधीच तुटलेली असते. लॅपटॉप झोपवून उठवला की, किंवा वायफाय बदललं की, हेच घडतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की 'ताबडतोब कळवू द्या' आणि 'दर 10 मिनिटांनी तपासा' या दोन्ही खुणा चालू ठेवाव्यात. एक असताना दुसरी कशाला, असं म्हणून पुष्कळ लोक मिनिटांची खूण काढून टाकतात. पहिली सोय वेगासाठी आहे, दुसरी तार तुटली तर सावरून घेण्यासाठी. नेटवर्क वरचेवर तुटत असेल तर 10 ऐवजी 5 मिनिटं करा. दर मिनिटाला विचारायला लावू नका, काही सर्व्हर इतक्या वारंवार येणाऱ्याला थोपवतात.

तुमचं खातं पॉप प्रकारचं असेल तर आयडलसारखं काही नाहीच. तिथे ठरलेल्या वेळानेच मेल येणार, नोटिफिकेशनही तेव्हाच. ताबडतोब कळायला हवं असेल तर खातं आयमॅपवर नेणं हाच उपाय, मात्र त्याआधी संगणकावरच्या जुन्या मेल्सची प्रत नीट ठेवा.

पासवर्डचं प्रकरणही इथलंच. गूगलने 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्राममधून शिरण्याची जुनी पद्धत बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन खात्यांसाठी 1 ऑक्टोबर 2022 पासून आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी 16 सप्टेंबर 2024 पासून तेच केलं. जुन्या पद्धतीने जोडलेलं खातं अशा वेळी पासवर्ड विचारत बसतं. ती चौकट दुसऱ्या खिडकीच्या मागे दडून राहिली की आपल्याला फक्त मेल थांबल्याचं जाणवतं. थंडरबर्डमध्ये 'सर्व्हर सेटिंग्ज' मधली 'ऑथेंटिकेशन मेथड' 'ओऑथ टू' (ब्राउझरमधून लॉगिन करण्याची नवी पद्धत) करा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि ब्राउझरसारख्या खिडकीत लॉगिन करा. थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद असतील तर हे लॉगिन पूर्ण होत नाही, तेव्हा त्या आधी चालू करा.

एवढ्यावरही मेल येत नसेल तर दोन संशयित उरतात. लॅपटॉप बॅटरीवर असताना विंडोजचा बॅटरी सेव्हर मागे चालणारी कामं आवरती घेतो, तेव्हा चार्जर लावून चाचणी पुन्हा करा. आणि अँटिव्हायरस मेलच्या जोडणीच्या मधे बसून तपासणी करत असेल, तर त्याची फक्त मेल-तपासणी काही मिनिटं थांबवून बघा. पूर्ण अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही.

मेल येते, पण दुसऱ्याच फोल्डरमध्ये

हा प्रकार सर्वांत जास्त फसवतो, कारण इथे काहीच बिघडलेलं नसतं. सगळे भाग आपापलं काम चोख करत असतात.

माझ्या एका सहकारी बाई सांगत आल्या की सोमवारपासून नोटिफिकेशन बंद झालंय. मी त्यांच्या शेजारी बसलो, 11 वाजून 10 मिनिटांनी माझ्या फोनवरून त्यांना मेल पाठवली, आणि अर्ध्या मिनिटात कोपऱ्यात चौकट आली. आवाजही झाला. त्या म्हणाल्या, "आता आलं, पण सकाळपासून एकही नाही." मग डावीकडची फोल्डरांची रांग पाहिली. एका प्रकल्पाच्या नावाचं फोल्डर होतं आणि त्यापुढे 37 आकडा. "हे कधी केलंत?" विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी इनबॉक्स आवरताना त्यांनी नियम बनवला होता: त्या प्रकल्पाच्या सगळ्या मेल्स या फोल्डरमध्ये. नियम तंतोतंत पाळला जात होता. त्यांना ज्या मेल्सची वाट होती त्या नेमक्या याच होत्या.

क्लासिक आउटलुक मुळात फक्त मुख्य इनबॉक्समध्ये आलेल्या मेलचीच चौकट दाखवतं. नियमाने दुसरीकडे गेलेल्या मेलची, किंवा इतरांबरोबर वाटून घेतलेल्या मेलबॉक्समधल्या मेलची दाखवत नाही. उपाय त्या नियमातच आहे. 'होम' टॅबवर 'रूल्स', मग 'मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स'. नियम निवडून 'चेंज रूल' खाली 'एडिट रूल सेटिंग्ज' उघडा. अटींचं पान ओलांडून कृतींच्या पानावर या आणि 'डिस्प्ले अ डेस्कटॉप अलर्ट' वर खूण करा. 'फिनिश', 'अप्लाय'. असा नियम मग फक्त आउटलुक चालू असतानाच काम करतो, कारण चौकट दाखवणं सर्व्हरला शक्य नसतं. त्यामुळे मेल हलवण्याचं काम प्रोग्राम बंद असतानाही व्हायला हवं असेल तर हलवण्याचा एक नियम आणि चौकटीचा दुसरा असे दोन ठेवणं बरं.

थंडरबर्डमध्ये गोष्ट थोडी वेगळी. मेल सर्व्हरवरच्या फिल्टरने हलवली असेल, उदाहरणार्थ जीमेलमध्ये 'इनबॉक्स टाळा' असा फिल्टर लावला असेल, तर थंडरबर्ड त्या फोल्डरकडे आपण क्लिक करेपर्यंत बघतच नाही. आयडलची जोडणी एका वेळी एकाच फोल्डरवर लक्ष ठेवते, आणि बाकीच्यांची विचारपूस करायला कुणी सांगितलेलं नसतं. ज्या फोल्डरची सूचना हवी त्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. पहिल्याच टॅबवर खूण दिसेल, तिचा अर्थ असा: या खात्याची मेल तपासताना हे फोल्डरही दर वेळी तपास. ती लावा. फोल्डर दहा-वीस असतील तर 'सेटिंग्ज' मधल्या 'जनरल' पानाच्या अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर' आहे. तिथे 'चेक ऑल फोल्डर्स फॉर न्यू' हे शब्द इंग्रजी लिपीत, मधे अंडरस्कोर देऊन शोधा. 'मेल सर्व्हर डीफॉल्ट' पासून सुरू होणारी नोंद सापडेल, ती 'ट्रू' करा. हे मी सरसकट सुचवत नाही. फोल्डर शेकड्यांत असतील तर प्रत्येक फेरी लांबते आणि जोडण्याही वाढतात. थंडरबर्ड एका खात्यासाठी मुळात 5 जोडण्या वापरतं, जीमेल एका खात्याला एका वेळी 15 आयमॅप जोडण्या देतं, आणि त्यात तुमचा फोन, टॅबलेट, दुसरा संगणक सगळे वाटेकरी असतात. कामाचे तीन-चार फोल्डर निवडून खूण लावणं हेच चांगलं.

ॲपल मेलमध्ये 'मेल' मेनूतल्या 'सेटिंग्ज' च्या 'जनरल' पानावर 'न्यू मेसेज नोटिफिकेशन्स' अशी ओळ आहे. मुळात तिथे फक्त इनबॉक्स असतं. 'व्हीआयपी' किंवा 'कॉन्टॅक्ट्स' असेल तर अनोळखी पत्त्यावरून आलेल्या मेलला नोटिफिकेशन मिळणारच नाही. नियमांनी हलवलेल्या मेल्सचंही हवं असेल तर 'ऑल मेलबॉक्सेस' निवडा.

स्पॅमकडेही बघा. स्पॅम ठरलेल्या मेलसाठी सूचना येत नाही, आणि यायलाही नको. पण हवी असलेली मेल तिथे जात असेल तर ती 'नॉट जंक' करा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता ॲड्रेस बुकमध्ये घाला.

'आधीच वाचलेली' मेल हे कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आयमॅपमध्ये वाचल्याची खूण सर्व्हरवर असते आणि सगळ्या उपकरणांना ती एकच. फोनवर तुम्ही मेल उघडली, किंवा सामाईक खात्यात दुसऱ्या कुणी उघडली, की डेस्कटॉपपर्यंत ती पोचते तेव्हा तिच्यात 'नवी' असं काही उरत नाही. फिल्टरमध्ये 'मार्क ॲज रीड' असेल तरी परिणाम तोच. फोन शेजारी ठेवून काम करणाऱ्यांच्या बाबतीत मी हे सर्वांत आधी विचारतो.

प्रोग्रामची स्वतःची बटणं

हा भाग लवकर उरकतो. थंडरबर्डमध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल', आणि तिथे 'इनकमिंग मेल्स' शीर्षकाखाली चौकट दाखवण्याची आणि आवाजाची अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. आवाजासाठी स्वतःची फाइल निवडली असेल आणि ती नंतर हलवली किंवा पुसली गेली असेल, तर काहीही न बोलता शांतता होते. मूळ आवाजावर परत या.

तिथेच चौकट कशी दिसावी हे ठरवण्याच्या पर्यायांत सिस्टिमचं नोटिफिकेशन वापरण्याची खूण असेल तर ती दोष शोधायला फार उपयोगी पडते. खूण काढली की थंडरबर्ड स्वतःची चौकट स्वतः काढतं, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत नाही. खूण काढून मेल पाठवा. चौकट आली तर थंडरबर्ड निर्दोष आहे, पुढच्या भागाकडे वळा. नाहीच आली तर प्रोग्राममध्येच शोध घ्या. कॉन्फिग एडिटरमध्ये या सगळ्या सेटिंगांच्या नावात 'बिफ' हा शब्द दिसेल. 1980 साली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेल आल्याची वर्दी देणारा छोटा प्रोग्राम होता, त्याचं नाव तिथल्या एका कुत्र्यावरून बिफ ठेवलं होतं. चाळीस वर्षं उलटून गेली तरी ते नाव या सेटिंगांमध्ये टिकून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

क्लासिक आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'मेल', आणि खाली 'मेसेज अरायव्हल'. चौकट, आवाज, टास्कबारवरचं पाकीट अशा खुणा एकाखाली एक आहेत. त्यातलं पाकीट तरी नक्की चालू ठेवा, चौकट हुकली तरी ते टिकून राहतं. न्यू आउटलुकमध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल', 'नोटिफिकेशन्स'. एकाच संगणकावर दोन्ही आउटलुक असतात, एकात सेटिंग बदलायची आणि वापरायचं दुसरंच, हा घोळ सध्या वरचेवर होतो. समोर कोणतं उघडलंय ते आधी ओळखा: वर डावीकडे 'फाइल' वर क्लिक केल्यावर 'ऑप्शन्स' सापडलं तर ते क्लासिक.

ऑपरेटिंग सिस्टिम दाबून ठेवत असेल तर

विंडोज 11 मध्ये विंडोजची कळ आणि एन एकत्र दाबा, विंडोज 10 मध्ये विंडोज आणि ए. उजवीकडे नोटिफिकेशनांचा पडदा सरकतो. तुमच्या मेल्स तिथे एकाखाली एक साठलेल्या दिसल्या तर सगळी साखळी शाबूत आहे, फक्त कोपऱ्यात येणारी चौकट अडवली जातेय. मॅकवर वर उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करून हेच पाहता येतं.

विंडोजवर अडवणारा बहुतेकदा 'डू नॉट डिस्टर्ब' (सूचना दाबून ठेवणारी सोय) असतो, जुन्या आवृत्त्यांत 'फोकस असिस्ट'. आणि तो आपण चालू केलेलाच असतो असं नाही. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'नोटिफिकेशन्स' मध्ये 'टर्न ऑन डू नॉट डिस्टर्ब ऑटोमॅटिकली' उघडून पाहा. ठरावीक वेळेत, प्रोजेक्टरवर स्क्रीनची नक्कल दाखवताना, गेम खेळताना, एखादा प्रोग्राम पूर्ण स्क्रीनवर असताना, विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर पहिला तासभर, अशा वेळी ते आपोआप लागू होतं. दिवसभर पूर्ण स्क्रीनवर ब्राउझर ठेवून काम करण्याची सवय असेल, किंवा दुसरा मॉनिटर नक्कल पद्धतीने जोडलेला असेल, तर यातलं एखादं कारण दिवसभर लागू असतं. माझ्या त्या हुकलेल्या बैठकीचं कारण हेच निघालं: सकाळच्या सादरीकरणानंतर स्क्रीनची नक्कल चालूच राहिली होती. नको ती खूण काढा. घड्याळ ॲपमधलं 'फोकस सेशन' सुद्धा हे चालू करतं, हेही लक्षात असू द्या.

त्याच पानावर खाली प्रोग्रामांची यादी आहे. मेल प्रोग्रामचं बटण चालू हवंच, पण तेवढ्यावर थांबू नका. नावावर क्लिक करून आत जा. 'शो नोटिफिकेशन बॅनर्स' ही खूण आत आहे, आणि आवाजाचीही. बाहेरचं बटण चालू पण आतली बॅनरची खूण बंद, असं अनेकदा सापडतं. यादीत प्रोग्रामचं नावच नसेल तर त्याने विंडोजला अजून एकही नोटिफिकेशन पाठवलेलं नसण्याची शक्यता मोठी. मग मागच्या भागाकडे परत जा.

चौकट येते पण दिसण्याआधी जाते, अशीही तक्रार असते. विंडोज 11 मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', 'व्हिज्युअल इफेक्ट्स' मध्ये नोटिफिकेशन किती वेळ राहावं ते ठरवता येतं. मुळात 5 सेकंद असतात, ते 15 किंवा 30 करा. दृष्टी कमी असलेल्यांसाठी किंवा दोन मोठे मॉनिटर वापरणाऱ्यांसाठी हा बदल मी आवर्जून करून देतो.

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स', आणि यादीतून मेल प्रोग्राम. तिथे शैली निवडायची असते. 'बॅनर' थोड्या वेळाने आपोआप जातो, 'अलर्ट' आपण हटवेपर्यंत थांबतो. महत्त्वाच्या मेलची वाट असेल तर 'अलर्ट' घ्या. 'नोटिफिकेशन्स' च्या मुख्य पानावर स्क्रीन शेअर करताना किंवा दुसऱ्या पडद्यावर दाखवताना नोटिफिकेशन येऊ द्यायचं की नाही, याची वेगळी खूण आहे. मग 'फोकस' पाहा. 2021 च्या मॉन्टरे आवृत्तीपासून फोकस सगळ्या उपकरणांत वाटला जातो, म्हणून फोनवर लावलेला झोपेचा किंवा कामाचा फोकस मॅकलाही गप्प करतो. 'शेअर अक्रॉस डिव्हाइसेस' बंद करा, किंवा त्या फोकसमध्ये मेलला परवानगी द्या.

लिनक्सवर ग्नोम आणि केडीई हे दोन डेस्कटॉप जास्त वापरात आहेत. ग्नोममध्ये वरच्या पट्टीतल्या तारखेवर (अगदी नव्या आवृत्तीत उजव्या कोपऱ्यातल्या मेनूवर) क्लिक केलं की 'डू नॉट डिस्टर्ब' चं बटण दिसतं, केडीईमध्ये ते खालच्या पट्टीतल्या घंटेत असतं. ते बंद असूनही काही दिसत नसेल तर टर्मिनलमध्ये 'नोटिफाय-सेंड' ही आज्ञा एखादा शब्द देऊन चालवा. त्याचीही चौकट आली नाही तर मेल प्रोग्रामचा काही संबंध नाही, नोटिफिकेशन दाखवणारी सेवाच चालू नाही.

तरीही नाही, तर

ॲड-ऑनचा, म्हणजे प्रोग्रामला वरून जोडलेल्या जादा भागांचा, संशय घ्या. थंडरबर्ड शिफ्ट दाबून धरून उघडलं की ट्रबलशूट मोड मिळतो, क्लासिक आउटलुक कंट्रोल दाबून धरून उघडलं की सेफ मोड. तिथे नोटिफिकेशन आलं तर ॲड-ऑन एकेक करून चालू करा आणि प्रत्येक वेळी एक मेल पाठवून बघा. सगळे एकदम चालू केलेत तर दोषी कोण ते कळणार नाही. थंडरबर्डमध्ये एखाद्याच फोल्डरची मोजदाद बिघडल्यासारखी वाटत असेल, नव्या मेल्स जुन्यांत मिसळून दिसत असतील, तर त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'रिपेअर फोल्डर' आहे. खातं काढून पुन्हा जोडणं मात्र अगदी शेवटी, आणि पॉप खात्याच्या बाबतीत प्रत घेतल्याशिवाय कधीच नाही. तिथल्या मेल्स फक्त तुमच्याच संगणकावर असू शकतात.

नोटिफिकेशन परत आलं की सुरुवातीची चाचणी आणखी दोनदा करा. एकदा लॅपटॉप अर्धा तास झोपवून उठवल्यावर, आणि एकदा ज्या फोल्डरमध्ये नियमाने मेल जाते त्या फोल्डरसाठी, त्या नियमात बसेल अशी मेल पाठवून. आणि ज्या सेटिंगने काम झालं ती सोडून बाकीच्या, वाटेत बदललेल्या, होत्या तशा करून ठेवा.